उमाटे डॉक्टरांच्या फटफटीची काच

हिंगणघाटच्या ढोरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा डॉक्टर उमाट्यांचा डावा हात खांद्यापर्यंत एका म्हशीच्या आत होता. मी अदबीने नमस्कार केला. त्यांनी उजव्या हाताने डोक्यावरची गांधी टोपी सरळ केली आणि ओरडले, "नाव काय, गाव कोनतं, पोहता येते का?" कंपाउंडरला पोहायला कशाला यावं लागतं हे मला समजेना. मी म्हटलं, येतं साहेब. "मंग ठीक! पावसाळ्यात वणा नदी आडवी येते. आता जरा थांबा, मले हिच्याशी बोलू द्या." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि "हाव माय, हाव माय, समजलं मले" असं म्हणत ते आत काहीतरी चाचपू लागले. मी पिशवी धरून उभाच. कोणी बस म्हणेना, की पाणी विचारेना. मी मुळात तापट माणूस, मला असा राग आला की आल्या पावली परत जावंसं वाटलं. तेवढ्यात म्हशीच्या मालकाने आनंदाने आरोळी ठोकली, रेडकू बाहेर आलं, आणि डॉक्टरांनी ते चिकट, ओलंचिंब रेडकू सरळ माझ्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर टाकलं. "पुसा याले! रुजू झाले तुम्ही!"

झालो रुजू. आणि पुढची काही वर्षं या माणसाच्या मागे बसून मी सारा तालुका पालथा घातला.

गाईला ते 'माय' म्हणत, बैलाला 'पाटील', आणि चुकणाऱ्या माणसाला 'गधड्या'. माणूस मोठा असो की लहान. एकदा तालुक्याच्या साहेबालाच त्यांनी गधड्या म्हटलं आणि बैलाची माफी मागितली, कारण साहेबाने बैलाच्या शेपटीवर पाय दिला होता. फटफटीवर बसून बसून त्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि उतरल्यावर आवाज खाली आणायचा असतो हे ते साफ विसरत. देवळात आरती चालू असताना शेजारच्याला ते गायीच्या जंताचं औषध सांगत, आणि घंटेपेक्षा तेच जास्त ऐकू येई. पुजारी हात जोडत. डॉक्टरही हात जोडत आणि म्हणत, "औषध तुमच्याही गाईले लागू हाय, ऐकून घ्या!"

आणि तो डावा हात! त्या हाताची आरती ओवाळायचीच काय ती बाकी होती. त्या हाताने ते बादली उचलत नसत, सुतळी ओढत नसत. रोज सकाळी वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या इंदूवहिनी, तिळाचं तेल कोमट करून आणत आणि खांद्यापासून बोटांपर्यंत चोळून देत. नखं रोज कापलेली. "डोळे बाहेरचं पाहाले असतात, कंपाउंडर. आतलं बोटंच पाह्यते." बाजारात धान्याच्या दुकानी बसले की दुकानदार गंमत म्हणून त्यांचे डोळे उपरण्याने बांधत आणि हा हात एकेका पोत्यात घालायला लावत. "तूर. हरभरा. हे तूर गेल्या सालची, दुकानदार, नवी म्हनून इकू नका!" एकदा कोणा आगाऊ माणसाने पोत्यात कोंबडीचं पिल्लू बसवलं. डॉक्टरांनी हात घातला, जरा थांबले, आणि म्हणाले, "याले सर्दी झाली हाय." सारं दुकान हसलं. पिल्लू बाहेर काढलं तर खरोखर त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. डॉक्टर ते पिल्लू खिशात घालून औषध द्यायला घेऊन गेले.

फटफटी लढाईतली. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्यांतली एक. रंग हिरवट, अंगावर ओरखडे, आवाज असा की वडनेरच्या लोकांना आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच कळे की डॉक्टर निघाले. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर औषधांची पेटी. पुढून वारा, धूळ, कापसाच्या दिवसांत वाऱ्यावर उडणारी रुई, सगळं आधी त्यांच्यावर आणि मग उरलेलं माझ्यावर.

टोपी मात्र वाटेत डोक्यावर राहत नसे. ती खिशात ठेवावी लागे, आणि गावाच्या वेशीवर गाडी थांबवून, केस चापून, टोपी घातल्याशिवाय डॉक्टर आत शिरत नसत. कारण आमच्याकडे उघड्या डोक्याने कोणी दारात आलं की लोक काय समजतात ते ठाऊक आहे ना? कोणीतरी गेलं, आणि हा सांगायला आला. एका गावात ते घाईत टोपी घालायचं विसरले. अंगणात पाय ठेवला आणि घरातली बाई त्यांचं उघडं डोकं पाहून "माह्या भावा व!" करत जमिनीवर बसली. आजूबाजूच्या बायाही धावत येऊन रडू लागल्या. डॉक्टर आपले ओरडून सांगताहेत, "अवो बाई, मी शेळीसाठी आलो!" पण त्या गोंधळात कोण ऐकतं? भाऊ शेतात औत हाकत होता. त्याला आणून उभा केला तेव्हा कुठे रडणं थांबलं. त्या दिवसापासून डॉक्टरांनी टोपीची अशी धास्ती घेतली की विचारू नका.

सगळं असं मजेत चाललं होतं. आणि एका बाजाराच्या दिवशी एका गवळाऊ जातीच्या गोऱ्ह्याने, लस टोचताना, डॉक्टरांना शिंगावर घेऊन गाडीच्या चाकावर फेकलं. हाड मोडलं नाही. मान मात्र आखडली. ती आखडलेली मान दोन-तीन आठवड्यांनी सैल झाली, तेल चोळलं, शेक घेतला, सगळं ठीक वाटलं. आम्ही पुन्हा फटफटीवर निघालो.

आणि मग ती गाय आली. गाव सांगत नाही, त्या घरच्यांना आजही वाईट वाटेल. वासरू अडलेलं. डॉक्टरांनी टोपी घातली, बाह्या सारल्या, हात धुतले, तेल लावलं आणि डावा हात आत घातला. डोळे मिटले. पण 'हाव माय' आलंच नाही. हात बाहेर काढून ते बोटांकडे पाहू लागले. दुसऱ्या हाताने बोटं चोळली. परत आत घातला. "कंपाउंडर," ते म्हणाले, आणि मी पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू झालेला ऐकला, "हा पुढचा पाय हाय का मागचा, मले समजून नाई राह्यलं. बोटं झोपली." त्यांची बोटं परत जागी होईस्तोवर वासरू गेलं होतं. गाय वाचली.

वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. मानेत नस दबली आहे. नुसते चाललात, बसलात तर काही होणार नाही. पण गाडीवर वाऱ्याने डोकं डुगडुगतं, ते नस चोळत राहतं आणि हात झोपतो. फटफटी सोडा. आता फटफटी सोडायची तर जायचं कशाने? बैलांच्या दमणीने वडनेरला पोचेपर्यंत अडलेली गाय वाट पाहत बसते का? आणि नेमकी तेव्हाच नागपूरच्या मुख्य कचेरीत एक खुर्ची रिकामी होती. तेव्हा आपण मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी. वरच्या साहेबांनी मायेनेच विचारलं, येता का? पगार तोच, फिरणं नाही, गाय तर सोडाच, शेळीसुद्धा नाही. उत्तरासाठी त्यांनी महिनाभराची मुदत दिली.

वहिनी खुश झाल्या, आणि का होऊ नये? नागपूरला त्यांची बहीण होती. नागपूरला घरात नळ होता! इथे विहिरीवरून पाणी ओढून ओढून त्यांच्या तळहाताला घट्टे पडले होते. "नळ हो, भाऊजी, नळ! तोटीची चकली फिरवली का पानी!" असं त्या मला सांगत तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई.

डॉक्टर मात्र काही खुश नव्हते. आणि एक दिवस नागपूरहून काम आटोपून आले ते काखेत एवढी मोठी पारदर्शक फळी घेऊन. जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या विमानाची काच! काच म्हणायचं, पण आपटली तरी फुटत नव्हती. नागपूरच्या रस्त्यावर त्यांनी कोणा फौजदाराच्या फटफटीला पुढे अशी काच लावलेली पाहिली होती. "त्याच्या मिशीचा केस हालत नोता, कंपाउंडर! केस!" ते मांडीवर थाप मारत ओरडले. "वाराच लागला नाई तर डोकं हालन कायले? डोकं हाललं नाई तर हात झोपन कायले?" मला तर उडी मारावीशी वाटली.

तुळशीराम सुताराने लोखंडी पट्ट्या ठोकून ती काच फटफटीच्या पुढे उभी केली. खालून दिव्याला टेकलेली, वर डॉक्टरांच्या कपाळाच्याही वर गेलेली. निघालो. "छातीवर वारा नाई! कंपाउंडर, छातीवर वाराच नाई!" डॉक्टर बेहद्द खुश. पण मी मागे बसलो होतो, मला त्यांचं डोकं दिसत होतं. ते पूर्वीपेक्षा जास्त डुगडुगत होतं! दोन्ही गालांवर कोणी चापट्या मारतंय असं. शिवाय सूर्य समोर आला की काचेवरचे ओरखडे चमकत आणि पुढे बैल आहे की बाभूळ हे कळत नसे.

"उंच झाली," डॉक्टर म्हणाले. "कापा दोन बोटं."

तुळशीरामने करवत बाजूला ठेवली. "साहेब, लाकूड असतं तं तुकडा जोडून देला असता. हे कापलं का कापलं. अन् दुसरं इमान कुठून पाडू मी?"

ते खरंच होतं. तशी दुसरी काच बाजारात नव्हती, डॉक्टरांनी सगळा बाजार पालथा घातला होता. जास्त कापली तर वारा सरळ तोंडावर. कमी कापली तर चापट्या. आणि बरोबर झाली की नाही ते ठरवायचं कशाने? मानेला विचारून, मी म्हटलं. "मान माही हाय," डॉक्टर म्हणाले. "मले खुश कराले ते खोटं बोलन. टोपी पाह्यजे! टोपीले काय पडलं हाय? नागपूरले गेलो काय अन् नाई काय." ठरलं. टोपी डोक्यावर घालून भरधाव जायचं. उडाली तर काच चूक. टिकली तर काच बरोबर. मला ही युक्ती इतकी आवडली की मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो.

रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आमची फेरी निघे. कापसाचे दिवस. सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची ही लांबच लांब रांग, आणि प्रत्येक गाडीवर बसलेला गाडीवाला आमची वाट पाहत असे. फटफटी धडधडत आली की सगळे उभे राहत. "गेली! डाक्टरसाहेबाची टोपी गेली!" असा एकच गलका होई. टोपी कधी शेणात, कधी चिखलात, कधी बैलाच्या खुराखाली. डॉक्टर उघड्या डोक्याने हसत परत येत आणि तुळशीराम आणखी दोन बोटं कापी. काच खाली खाली येत गेली. वहिनी रोज टोप्या धूत, नीळ घालत, वाळत टाकत. माझ्या देखत तरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि एक दिवस टोपी टिकली! गाड्यांसमोरून गेलो, नाक्यापर्यंत गेलो, परत आलो, टोपी जागच्या जागी! गाडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी तुळशीरामला मिठी मारली, दवाखान्यात जिलेबी मागवली आणि आजारी बैलांनाही एकेक कडं चारलं. काचेचा काठ तेव्हा बरोबर डोळ्यांसमोर येत होता, बघायला त्रास होई, पण टोपी टिकली होती ना! मग बोलायचं काय?

दुसऱ्याच दिवशी एका गावाहून बोलावणं आलं. भरधाव गेलो. टोपी टिकली. उतरलो, आणि डॉक्टरांनी डाव्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न केला. वळेना. सुदैवाने बैलाला नुसता ताप होता, उजव्या हाताने भागलं. परत येताना त्यांनी वाटेत फटफटी थांबवली आणि बाभळीखाली बसले.

"टोपी टिकली," ते म्हणाले. "म्हंजे वारा गेला. तरी हात झोपला. म्हंजे मानच गेली, कंपाउंडर. काचेचा काई दोष नाई." थोड्या वेळाने म्हणाले, "सोमवारी साहेबाले हो सांगून येतो." मला रडू आलं. खरंच सांगतो, मोठा माणूस मी, बाभळीखाली उभा राहून रडलो. डॉक्टरांनी मला गधड्या म्हटलं, पण त्यात जोर नव्हता.

रविवारी मी त्यांच्या घरी सामान बांधायला गेलो. वहिनी पितळेची भांडी जुन्या धोतरात गुंडाळत होत्या, मी सुतळीने बांधत होतो. खुशीत होत्या. नळाखाली ठेवायला मोठा हंडा न्यावा की लहान, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर दारात बसले होते. मी म्हटलं, साहेब, अजून एकदा काच कापून पाहू. "काऊन?" ते म्हणाले. "टोपीनं सांगतलं नं एकदा. टोपी काय खोटं बोलते?"

वहिनींचे हात थांबले. "टोपीनं काय सांगतलं?" त्यांनी विचारलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, टोपी उडणं म्हणजे नुसता आमच्या खेळातला घोटाळा. टोपी हीच परीक्षा आहे हे आम्ही साऱ्या गावाला सांगितलं, आणि घरातल्या बाईला सांगायचं राहिलं! मी सगळं सांगितलं. टोपी टिकली तर वारा नाही, वारा नसूनही हात झोपतो तर मान गेली, मान गेली म्हणून नागपूर.

वहिनी खाली मांडी घालून बसल्या. हंडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अहो, ते टोपी मी शिवली."

"शिवली म्हंजे?"

"आतून दुमड घालून घट्ट केली. साऱ्या बजारानं रोज माह्या नवऱ्याचं उघडं डोकं पाहावं का? त्या दिवशी पाणी आनाले गेली तं बाया म्हने, डाक्टर रोज उघड्या डोक्यानं फिरते, घरी कोन गेलं? मले सहन नाई झालं. म्हनून शिवली." त्यांनी उठून खुंटीवरची टोपी काढली आणि उलटी करून दाखवली. इतके बारीक टाके होते की बोटाने शोधावे लागले.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. आता हा माणूस घर डोक्यावर घेणार! डॉक्टरांनी टोपी हातात घेतली. बोटाने टाके चाचपले. आणि असे काही ओरडले की शेजारचे लोक धावत आले, "वा रे वा! वा रे वा! म्हंजे वारा अजून हाय! वारा हाय, इंदू! मान नाई गेली, वारा हाय!" दातांनीच त्यांनी टाके तोडले. वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं, त्यांना नागपूर मिळालं असतं, बहीण मिळाली असती, नळ मिळाला असता. मी त्या क्षणी त्या बाईला मनातून दंडवत घातला.

"चाला," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा फेरी."

"मी बसते मांगं," वहिनी म्हणाल्या. "टोपी उडाली तं पदरात झेलीन. रस्त्यावर पडू देनार नाई."

वहिनी आणि फटफटीवर! जन्मात बसल्या नव्हत्या. पदर खोचला, बसल्या, दोन्ही हातांनी पदर झोळीसारखा धरला, आणि निघाले दोघं. मी आणि तुळशीराम फाटकाशी उभे. रविवार असूनही गाडीवाले होतेच. धडधडत गेले, धडधडत आले. डॉक्टरांचं डोकं उघडं. वहिनींचा पदर रिकामा.

"झेलली नाई का?" मी विचारलं.

"आलीच नाई माह्याकडे!" वहिनी म्हणाल्या. "मी मांगं पदर पसरून बसली, अन् टोपी तं त्यायच्या पुढेच पडली! मांडीत!"

डॉक्टरांनी मांडीतली टोपी उचलली. माझ्याकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. आजवर ती रस्त्यावर सापडे, म्हणून मागेच उडते असं आम्ही धरून चाललो होतो. पुढून वारा आला तर टोपी मागे पडायला हवी. मांडीत पडते म्हणजे? "मांगून!" ते किंचाळले. "वारा मांगून मारून राह्यला! गधड्या मी, गधड्या! इंदू, रुई आन!"

हिंगणघाटात रुईला काय तोटा! समोरच्याच गाडीवाल्याने मूठभर दिली, आणि पुन्हा फेरी. या वेळी वहिनी मागून थोडी थोडी रुई सोडत गेल्या. आम्ही सगळे डोळे फाडून पाहत होतो. रुई मागे उडून जायला हवी ना? ती पुढे जाई! डॉक्टरांच्या कानांवरून पुढे, काचेपर्यंत, तिथून गरगरत परत त्यांच्या तोंडावर. परत आले तेव्हा त्यांच्या मिशांत, भुवयांत, कानांत रुई. गाडीवाले पोट धरून हसत होते. डॉक्टर सर्वांत जास्त.

मग त्यांनी रस्त्यावरच्या धुळीत बोटाने काढून आम्हाला समजावलं. काचेवरून वारा उडी मारून जातो, काचेमागे पोकळी राहते, ती भरायला वारा मागून आत घुसतो आणि डोक्यावर चापट्या मारतो. काच जेवढी उंच, पोकळी तेवढी मोठी. मग काय करायचं? काच खाली आणायची, पण इतकीही नाही की वारा तोंडावर येईल. आणि खाली दिव्याजवळ थोडी फट ठेवायची, म्हणजे पोकळीत पुढूनच जरासा वारा जाईल आणि मागच्याला आत यायचं कामच उरणार नाही. तुळशीराम म्हणाला, "खालून कापू? साहेब, खालून कापलं तं..." "कापा! मी सांगतो नं!" डॉक्टर ओरडले. तुळशीरामने देवाचं नाव घेऊन करवत लावली. खालून चार बोटांची फट. वरून काठ खाली, नाकाच्या शेंड्याशी. आता रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसत होता. आता कापायला काही उरलं नव्हतं.

फेरी झाली. बिनटाक्यांची, सैल, नेहमीची टोपी. टिकली. वहिनींनी रुई सोडली ती सरळ वरून मागे निघून गेली. गाड्यांच्या रांगेतून असा जल्लोष उठला की बैल बुजले. पण डॉक्टर या वेळी नाचले नाहीत. त्यांनी डावी मूठ वळली, उघडली, आणि म्हणाले, "एवढ्याशा फेरीनं काई सिद्ध होत नाई."

बरोबर तेव्हाच वडनेरहून माणूस आला. सायकलवरून, घामाघूम. भागीरथाबाईची गवळाऊ गाय अडली होती, सकाळपासून. डॉक्टर माझ्याकडे पाहून नुसतं "पेटी" म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी फटफटी अशी हाणली की मी आयुष्यात देवाचं नाव तेवढ्या वेळा कधी घेतलं नाही. पण मी सारा वेळ त्यांचं डोकं पाहत होतो. ते हलत नव्हतं. रस्त्याच्या खड्ड्यांनी गाडी उडे तेवढंच, वाऱ्याने नाही. टोपीखालून बाहेर आलेले केससुद्धा शांत. मला ओरडून सांगायचं होतं, पण दृष्ट लागेल या भीतीने मी पेटीच घट्ट धरून बसलो.

गोठ्यात भागीरथाबाई गाईच्या मानेला मिठी मारून बसल्या होत्या. "डाक्टर, तान्ही असतानापासून वाढवली हो हिले," एवढंच बोलल्या. डॉक्टरांनी हात धुतले. तेल लावलं. डावा हात आत गेला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, भागीरथाबाई पाहत होत्या, सारं अंगण पाहत होतं.

"हाव माय," डॉक्टर म्हणाले.

मी पेटीवर बसलो.

"हा पुढचा पाय. हा दुसरा. मान मांगे वळली हाय, म्हनून अडलं. थांब माय, थांब..." त्यांचा खांदा आत सरकला. आणि एकदम त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते गोठा दणाणून टाकत ओरडले, "चोखून राह्यलं! कंपाउंडर, माहं बोट चोखून राह्यलं! तोंडात बोट गेलं तं चोखून राह्यलं! जित्तं हाय!"

दिवस मावळायच्या आत पांढरी स्वच्छ कालवड आपल्या पायांवर उभी होती आणि भागीरथाबाई तिच्याआधी डॉक्टरांनाच ओवाळत होत्या. सोमवारी डॉक्टर साहेबांना नाही सांगून आले. त्याच आठवड्यात त्यांनी दवाखान्याच्या आवारात, घराला लागूनच, हातपंप बसवून घेण्यासाठी वरती इतकी बोंब मारली की तो बसला, आणि वहिनींचं विहिरीवर जाणं थांबलं. नळ नव्हता तो, पण वहिनी पहिला हंडा भरताना मला हाक मारून म्हणाल्या, "पाहा भाऊजी, पानी!"

दोन वर्षांनी माझी आष्टीला बदली झाली. निरोपाच्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात नव्हते, कुठल्याशा गावी गेले होते. मला वाईट वाटलं, रागही आला, एवढ्या वर्षांनी निरोपही नाही! मोटारीत खिडकीशी बसलो. मोटार नाका ओलांडून बरीच पुढे गेली, आणि मागून तो आवाज आला. फटफटी मोटारीच्या बरोबरीने आली, माझ्या खिडकीला लागून. डॉक्टर ओरडून काहीतरी सांगत होते, पण दोन्ही इंजिनांच्या आवाजात त्यांचाही आवाज बुडाला, तो पहिल्यांदाच. मग त्यांनी डावा हात सोडला, वर केला, आणि माझ्याकडे पाहत एकेक करून बोटं हलवली. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी, अंगठा. आणि भरधाव पुढे निघून गेले.

शेजारच्या म्हाताऱ्याने मान लांब करून पाहिलं. "कोन व्हय बापा हा? हात काऊन दाखवून राह्यला?"

"सांगून राह्यला का बोटं जागी हायत," मी म्हटलं.